कालपर्यंत असं वाजत नव्हतं
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आपल्या मंडळाचे चिटणीस जेव्हा घरी आले आणि म्हणाले, "यंदा तुम्ही सर्जनशीलतेवर बोला," तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही चुकीच्या क्वार्टरचे दार वाजवलेत. शेजारच्या ब्लॉकमध्ये पेटी वाजवणारे आहेत, पलीकडे नाटकात काम करणाऱ्या वहिनी आहेत. मी रुळांचा माणूस." ते चहा पिता पिता हसले आणि म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला." त्यांच्या मनात काय होते ते मला माहीत नाही. पण ते गेल्यावर मी विचार करीत बसलो, आणि जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

माझी थोडी ओळख देतो. जन्म भुसावळचा. वडील रेल्वेतच होते. तंत्रनिकेतनातून स्थापत्यचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली आणि नोकरी लागून इकडे जबलपूरकडे आलो. आता इथलाच झालो आहे. माझे खाते रुळांचे. आमच्या कामात दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असावे लागते. त्यात किती फरक चालेल तेही छापलेले असते. तिथे मी सर्जनशीलता दाखवायला गेलो तर गाडी हरभऱ्याच्या शेतात जाईल! त्यामुळे बरीच वर्षे माझी अशी समजूत होती की कला, कल्पना, नवनिर्मिती या गोष्टी दुसऱ्यांच्या. आपले काम म्हणजे नियमाप्रमाणे पाहायचे, वहीत लिहायचे आणि सही करायची.

ही समजूत एका सकाळी मोडली. ती हकिगत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. आज बाप्पाच्या समोर सांगतो.

आपल्यापैकी जे रेल्वेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रुळांवर रोज एक माणूस पायी चालतो. त्याला कीमन म्हणतात. त्याच्या खांद्यावर हातोडा, पिशवीत पाना, लाल आणि हिरवी झेंडी आणि रुळावर ठेवायचे फटाके असतात. आपला ठरलेला टापू तो रोज चालून तपासतो. सैल झालेली क्लिप ठोकतो, नट आवळतो, जोड पाहतो. ऊन असो, पाऊस असो, आपण रात्री बर्थवर निर्धास्त झोपतो त्यामागे अशा माणसांची पायपीट असते.

गोष्ट जानेवारीतली आहे. थंडीत रूळ आकसतो. हिशेबच सांगायचा तर एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला, तर तापमानाच्या दर अंशाला तो सुमारे साडेअकरा मिलिमीटर कमी-जास्त होईल. पण रूळ स्लीपरला जखडलेला असतो, त्याला आकसायला जागा नसते. मग आत ताण साठतो, आणि जिथे कच्चे असेल तिथे लोखंड तडकते. म्हणून थंडीच्या पहाटे आमच्या खात्यातली माणसे जास्त सावध असतात. असायला हवीत.

त्याच्या आदल्या दिवशी मी ढकलट्रॉलीवरून त्या भागाची तपासणी केली होती. ट्रॉलीवर बसलो होतो, डोळे उघडे होते, नजर रुळावर होती. पण मन कुठे होते? माझा बदलीचा अर्ज अडकला होता. कोणाला भेटावे, काय बोलावे, याची जुळवाजुळव मनात चालली होती. सात-आठ किलोमीटर कसे गेले ते कळले नाही. खोलीवर येऊन वहीत नेहमीचे वाक्य लिहिले आणि सही केली. खोटे लिहिले असे नाही. मला काही वावगे दिसले नव्हते. पण मी पाहिलेच नव्हते, हे त्या सहीत कुठे दिसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आमच्या कीमननी लाल झेंडी लावून लाइन रोखली होती. कोळशाची भरलेली मालगाडी मागच्या स्टेशनवर उभी होती. मी धावत पोहोचलो. ते गृहस्थ तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते, शाळा जेमतेम शिकलेले. रुळाच्या एका जोडाजवळ उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "साब, कल तक ऐसा नहीं बजता था."

त्यांनी जोडावर हातोडा मारून दाखवला. मग शेजारच्या जोडावर मारला. शेजारचा टणटणीत वाजला. हा किंचित बसका. खरे सांगतो, त्यांनी दाखवले नसते तर मला फरक कळला नसता. त्यांनी गमछ्याने तेलमाती पुसली, तेव्हा फिशप्लेटच्या वरच्या कडेतून बाहेर आलेली केसाएवढी रेघ दिसली. फिशप्लेट खोलली, तर बोल्टच्या भोकापासून निघालेला तडा रुळाच्या माथ्यापर्यंत गेलेला. आम्ही जॉगल फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून मालगाडी अगदी सावकाश काढली, आणि पुढे तो रूळच बदलला.

रात्रीच्या थंडीत तो तडा वाढला असेल, किंवा मी गेलो तेव्हाही रेघ बाहेर आलेली असेल. ते आता कोणीच सांगू शकणार नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही, कारण मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: ती रेघ काल असती, तर मला दिसली असती का? उत्तर मला माहीत होते.

पुढे त्या कीमननी बक्षीस मिळवले. शिफारशीच्या कागदावर सही माझी होती. एकाच आठवड्यात दोन सह्या, एक न पाहता केलेली आणि एक डोळे उघडल्यावर केलेली.

मी त्यांना नंतर विचारले, "इतके जोड असतात, प्रत्येकाचा आवाज तुम्हाला आठवतो कसा?" ते हसून म्हणाले, "घर के बर्तन का आवाज नहीं पहचानते क्या?" त्यांच्या लेखी त्यात काही विशेष नव्हते. ते तोच टापू रोज चालत, पण कालचा म्हणून चालत नसत. आज जोड कसा वाजतो, हे ते रोज नव्याने ऐकत. आज आपल्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्रे आहेत, रुळाच्या पोटातला दोष पडद्यावर दिसतो, कीमनजवळ जीपीएसही असतो. ही सगळी साधने उत्तमच आहेत. पण यंत्राच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस माणसाच्या लक्षावरच जातात.

तुम्ही म्हणाल, ही दक्षतेची गोष्ट झाली. यात सर्जनशीलता कुठे आली? त्या माणसाने नवीन काय निर्माण केले?

हाच प्रश्न मलाही पडला. म्हणून मी आमच्याच रेल्वेच्या जगातल्या नव्या कल्पना कुठून आल्या ते वाचू लागलो. मला जे आढळले ते असे, की नवे सुचण्याच्या आधी कोणीतरी जुन्याकडे नीट पाहिलेले असते.

कालका-शिमला रेल्वे आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. १९०३ साली ती सुरू झाली आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तिथे बरोग नावाचे स्टेशन आहे. हे नाव एका इंग्रज इंजिनिअरचे. त्याने डोंगराच्या दोन्ही बाजूंनी बोगदा खणायला घेतला, पण दोन्ही तोंडे मधोमध जुळलीच नाहीत. त्याला एक रुपया दंड झाला अशी हकिगत सांगतात. मग दुसऱ्या जागी बोगदा झाला, तो आजचा ३३ नंबरचा, ११४३ मीटर लांबीचा, त्या मार्गावरचा सर्वांत मोठा. तो मार्ग शोधायला मदत केली ती भलकू नावाच्या एका माणसाने. चैलजवळच्या झाझा गावचा तो गुराखी. लिहिता-वाचता येत नव्हते. हातातली काठी डोंगराच्या भिंतीवर आपटून, आवाज ऐकून तो दिशा सांगत असे, असे तिकडचे लोक सांगतात. दंतकथेचा भाग सोडून देऊ. पण शिमल्यात आज रेल्वेचे जे संग्रहालय आहे, त्याला बाबा भलकूंचे नाव आहे, ही वस्तुस्थिती आहे. ज्या डोंगरात जन्म गेला तो डोंगर त्याने ऐकला होता. मला आमचे कीमन आठवले. तिथे काठी, इथे हातोडा.

दुसरे उदाहरण जपानचे. तिथल्या बुलेट ट्रेनचा वेग वाढवायला घेतला तेव्हा एक अडचण आली. गाडी बोगद्यात वेगाने शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी तोफेसारखा आवाज व्हायचा. आसपासच्या वस्तीला त्रास. एइजी नाकात्सु हे त्या कामावरचे इंजिनिअर. त्यांना पक्षी पाहण्याचा छंद होता. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात सूर मारतो आणि पाणी फारसे उडत नाही, हे त्यांच्या ध्यानात होते. हवेतून पाण्यात जाणे आणि मोकळ्या हवेतून बोगद्यातल्या कोंडलेल्या हवेत जाणे, यात साम्य आहे हे त्यांना जाणवले. चाचण्या झाल्या, आणि १९९७ साली जी ५०० मालिकेची गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली, तिचे नाक खंड्याच्या चोचीसारखे लांब, १५ मीटरचे होते. तिच्या पँटोग्राफचा आवाज कमी करण्यासाठी घुबडाच्या पंखाच्या दातेरी कडेपासून धडा घेतला.

आता गंमत पाहा. आपल्या ग्वारीघाटावर नर्मदामाईच्या काठी खंड्या आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मी तर रुळाकडेच्या तारेवर वर्षानुवर्षे पाहतो आहे. पण तो पाण्यात शिरताना पाणी का उडत नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. डिप्लोमाला द्रवगतीचा विषय होता, त्यात मी पासही झालो होतो!

म्हणजे माहिती माझ्याकडेही होती. नव्हते ते लक्ष. सर्जनशीलता म्हणजे आकाशातून पडणारी वीज नव्हे, हे मला तेव्हा पटले. जागेपणी जगणाऱ्याला समोरची गोष्ट जरा जास्त दिसते, आणि त्या जास्तीच्या दिसण्यातून पुढे कधी बोगदा निघतो, कधी इंजिनाचे नाक निघते, तर कधी नुसती एक लाल झेंडी वर होते. त्या झेंडीमुळे जे घडले नाही ते वर्तमानपत्रात येत नाही. पण जे घडू दिले नाही, तेही मला निर्माणच वाटते.

मग नियमांचे काय? आमचे तरुण सहकारी कधी कधी म्हणतात, "साहेब, इतक्या नियमांत डोके चालवायला जागाच कुठे आहे?" मी त्यांना सांगतो, नियम म्हणजे आपल्या आधी कोणीतरी दिलेले लक्ष, जे लिहून ठेवले आहे. आमच्या पुस्तकातल्या कितीतरी नियमांमागे एखादा अपघात आहे. नियम पाळायचेच. पण नियम पाळताना झोप लागू शकते, जशी मला ट्रॉलीवर लागली होती.

यावरही जपानी रेल्वेने साधी युक्ती काढली आहे. तिथले चालक सिग्नलकडे बोट दाखवतात आणि तो काय आहे ते मोठ्याने उच्चारतात. स्टेशनवरचे कर्मचारीही तसेच करतात. बघणाऱ्याला हसू येते. पण तिथल्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेने १९९४ साली प्रयोग केला, तेव्हा बोट दाखवणे आणि उच्चारणे दोन्ही केल्यावर साध्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा सहायक एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात. हात, डोळा, कान आणि वाणी एकत्र आली की मनाला पळून जायला वाट राहत नाही. आपल्या पूजेत तरी दुसरे काय असते? हातात फूल, डोळ्यांपुढे मूर्ती, कानावर घंटा आणि मुखी मंत्र. पण तेही सवयीने उरकले, तर माझ्या वहीतल्या सहीसारखेच.

माता-भगिनींना वाटेल, हा माणूस लोखंडाबाहेर यायला तयार नाही. म्हणून आमच्या खानदेशातले एक नाव घेतो. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या. १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या. अक्षरओळख नव्हती. दळण, शेत, चूल, गोठा यांतच आयुष्य गेले. काम करता करता त्या ओव्या रचत आणि घरातली माणसे त्या उतरवून घेत. त्यांच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ते वाचून महाराष्ट्र थक्क झाला. बहिणाबाईंनी कवितेसाठी वेगळा वेळ काढला नाही, वेगळी खोली घेतली नाही. सुगरण पक्ष्याचा खोपा त्या काळी प्रत्येक विहिरीवर लटकत होता, जाते प्रत्येक घरात होते. पाहणारी एक होती. दळण त्यांनाही चुकले नाही. पण ते दळताना त्या जाग्या होत्या.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती माझ्या घरातली आहे, आणि रुळाच्या तड्यापेक्षा तीच मला जास्त बोचते.

माझी आई आमच्याजवळ असते. क्वार्टरच्या दारात ती रोज सकाळी रांगोळी काढायची. मोठी नाही, चार ठिपक्यांची, पण रोज वेगळी. मी ड्यूटीला निघताना ती ओलांडून जायचो. कीमनच्या त्या प्रसंगानंतर मी कामावर बराच सुधारलो होतो. तरुण मुलांना लक्ष देण्यावर भाषणे देत होतो. एक दिवस आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी बायकोला विचारले, "हल्ली आजींची रांगोळी दिसत नाही?" मी तिथेच उभा होतो. मी चमकून दाराकडे पाहिले. दारात रांगोळी नव्हती. बायको म्हणाली, "चार महिने झाले. गुडघे वाकत नाहीत त्यांचे. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

चार महिने! रोज दोनदा त्या दारातून गेलो. रुळावरची केसाएवढी रेघ शोधणारा माणूस, आणि घरच्या उंबऱ्यावर काय कमी झाले ते दिसले नाही. आई कधी कुरकुरली नाही. तिचाही आवाज बसका झालाच असेल. मी ऐकला नाही.

मी डॉक्टर, औषधे, मालिशचे तेल या मागे लागलो. ते करायलाच हवे होते. पण खरा उपाय माझ्या मुलीने काढला. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिने माळ्यावरचा प्लायवूडचा जुना तुकडा काढला, त्याला गेरू फासला, दोन स्टुलांवर ठेवला आणि आजीपुढे खुर्ची आणून म्हणाली, "आजी, आता जमीन तुझ्याकडे आली. तू वाकू नकोस." आईने खुर्चीत बसून रांगोळी काढली. मग आम्ही दोघांनी तो फळा धरून, रांगोळी न हलवता, सावकाश दारात नेऊन ठेवला. आजही आमच्या दारात रांगोळी असते. बाहेर नेण्याची ड्यूटी माझी.

सर्जनशीलता कशाला म्हणतात, असे मला आज कोणी विचारले तर मी त्या फळ्याकडे बोट दाखवीन. तिला आधी आजीचे दुखणे दिसले, नंतर फळा सुचला. क्रम हाच आहे. आपण मात्र मुलांना आधी काहीतरी सुचव म्हणतो, पाहायला शिकवतच नाही.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ देतो. मोठ्यांनीही केला तर हरकत नाही. रोज ज्या रस्त्याने जाता, त्या रस्त्यावर आज कालच्यापेक्षा वेगळे काय आहे, एवढे एकच शोधायचे आणि रात्री जेवताना घरात सांगायचे. कुठे झाडाला नवी पालवी असेल, कुठे एखादे दुकान बंद असेल, एखाद्या मित्राचा चेहरा उतरलेला असेल. जेवताना मोबाइल बाजूला ठेवावा लागेल, हे ओघाने आलेच! लगेच कविता सुचणार नाही, शोध लागणार नाही. पण जे दिसले त्याचे काय करायचे, हे बहुधा आपोआप सुचते.

आणि सुचले नाही, तर इथे समोर पाहा. आपल्या या मूर्तीचे एक नाव शूर्पकर्ण आहे, सुपासारखे कान असलेला. आपल्या आया-आज्या सुपाने पाखडत, तेव्हा फोल उडून जाई आणि दाणा राही. बाप्पाचे कान तसे मोठे, आणि डोळे बारीक. मूर्तिकार पिढ्यानपिढ्या असेच घडवत आला आहे. बुद्धीच्या देवतेला एवढे मोठे कान का दिले असतील, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आता दर वर्षी आरतीला उभा राहिलो की माझी नजर आधी त्या कानांकडे जाते, आणि माझ्या आठवणीत तो हातोडा वाजतो. शेजारचा टणटणीत, हा किंचित बसका.

 बाप्पाकडे एवढेच मागतो, की आपल्या घरात आणि आपल्या कामात जे कालपर्यंत असे वाजत नव्हते, ते आपल्याला वेळेवर ऐकू येवो.

गणपती बाप्पा मोरया!